ओवाळणीतला तुर्की रुपया

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
२ मे २००६

चि. काशिनाथ,

आधी हे सांग, पत्र कोण वाचून दाखवतंय? शिरीषच असणार. शिरीष, बाळा, आत्याचे आशीर्वाद घे, आणि मी लिहिलंय तेवढं सगळं वाच. मधलं गाळायचं नाही. तुझ्या बाबांचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत.

काशिनाथ, तुझा तुर्की रुपया शाळेत जाऊन आला! खोटं नाही सांगत. इथे एप्रिलमध्ये अँझॅक डे असतो. पहिल्या महायुद्धात इथली पोरं तुर्कांशी लढायला गेली आणि कितीतरी तिकडेच राहिली, त्यांच्या आठवणीचा दिवस. वर्गात मुलांनी आपापल्या पणजोबांची पदकं, टोप्या, काय काय आणलं. मेधाच्या गार्गीने काय न्यावं? मी म्हटलं, आपल्याकडेही आहे की! आपले आजोबा त्याच लढाईत बसऱ्याला होते, त्याच तुर्कांसमोर. रुपया डबीत घालून दिला आणि बजावलं, हरवलास तर आजी या घरात राहणार नाही.

पोरीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायचं इंग्रजीत. तिने वर्गात सांगितलं म्हणे, की भाऊबीजेला भाऊ हे कॉइन बहिणीच्या ताटात घालतो आणि बहीण ते त्याला परत देते. बाईंनी विचारलं, परत का देते? गार्गी घरी येऊन मला विचारते, "व्हाय, आजी?"

मग सांगितलं. आजोबा लढाईवरून आले तेव्हा ओवाळणीला घालायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिकडून आणलेला हा रुपया त्यांनी ताटात टाकला. त्यांच्या बहिणीने तो कपाळाला लावला आणि परत त्यांच्या हातात ठेवला. म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा घाल. म्हणजे पुढच्या वर्षी जिवंत ये. तेव्हापासून आपल्या घरात तीच रीत. बाबांनी आत्याला घातला, तू मला घातलास, मी दर वर्षी परत दिला. फक्त मी इकडे यायला निघाले त्या दिवाळीत तू तो परत घेतलाच नाहीस. म्हणालास, "अक्का, राहू दे तुझ्याकडे. आता परत यायचं तुझ्याकडे लागलं." आठवतंय ना?

मागच्या दिवाळीला आले नाही म्हणून तू फुगून बसला असशील. यंदाही जमेलसं दिसत नाही. मेधाची फार्मसीतली नोकरी, शंतनुरावांचं ऑफिस, गार्गीकडे कोण बघणार? मी ठणठणीत आहे. मेधाने मात्र नवीन खूळ काढलंय, मला पाणी मापून देते. आमटी जरा जास्त वाढून घेतली तरी डोळे वटारते. टोमॅटो बंद, केळं बंद. पोटच्या पोरीकडे राहणंसुद्धा सोपं नसतं रे बाबा.

आठवड्यातून तीनदा ती मला न्यूटाउनला सोडते. तिथे आम्ही म्हातारी मंडळी खुर्च्यांवर बसून दुपार काढतो. टीव्ही असतो, बिस्किटं मिळतात. माझ्या शेजारी ग्रॅहम म्हणून एक बसतो, त्याला नाणी जमवायचा नाद. त्याला रुपया दाखवला तर तो ताडकन उठायलाच निघाला, नर्सने ओरडून बसवला. म्हणतो, तुर्कांचा सुलतान एकदा दौऱ्यावर गेला होता, तेव्हा ज्या गावी गेला त्या गावाचं नाव घालून थोडीशीच नाणी पाडली होती. हे त्यातलं असेल तर फार दुर्मिळ. आपला रुपया! डालड्याच्या डब्याचं झाकण उचकटायला तू घ्यायचास तो! मला इतकं हसू आलं म्हणून सांगू.

तब्येतीला जप. रेडिओ हळू लाव, शेजाऱ्यांना झोपू दे.

तुझी,
अक्का


१९ जुलै २००६

काशिनाथ,

आज आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही. शिरीष, वाच. मोठ्याने वाच.

परवा शिरीषचा फोन आला. त्याचा आवाज ऐकून मला वाटलं, तुझंच काही बरंवाईट झालं. तर हा विचारतो, "आत्या, कॉइन कुठे आहे?" मग काय काय बोलला! इंटरनेटवर तसल्या नाण्याचा फोटो सापडलाय, तिकडे लिलावात जातात म्हणे. घराण्याची वस्तू, आत्याने गोड बोलून परदेशी नेली. बाबांना दिसत नाही त्याचा फायदा घेतला.

शिरीष, तुझी आई गेली तेव्हा तू किती लहान होतास रे! वर्षभर माझ्या पदराला धरून झोपलास. मला फायदा म्हणायला तुझी जीभ कशी रेटली?

आणि काशिनाथ, तू? मागे तुझा रेडिओ चालू होता, बातम्या ऐकू येत होत्या. म्हणजे तू तिथेच होतास. एका वाक्याचं काम होतं. अरे, मीच दिलाय तिला, एवढं म्हणायचंस. तू खोकलास. तुझा खोकला मी हजारांत ओळखेन. नुसता खोकलास.

त्यानंतर मी फोनवर फोन केले. सूनबाई उचलते. "बाबा झोपलेत." सकाळी झोपलेत, दुपारी झोपलेत. कांचन, मी शाळामास्तरीण होते गं, घड्याळ कळतं मला. तुमच्याकडे किती वाजलेत ते बघूनच फोन लावते.

मला रुपया नकोय. कधीच नको होता. मला एवढंच हवंय, की काशिनाथला समोर पाटावर बसवावं, कुंकू लावावं, ओवाळावं आणि त्याने तो रुपया माझ्या ताटात घालावा. एकदा तरी. बाकी तुम्ही त्याचं काय करायचं ते करा.

अक्का


१ ऑक्टोबर २००६

काशिनाथ,

तुझ्याकडून अक्षर नाही. तरी लिहितेय, निर्लज्ज आहे मी.

ग्रॅहमने घरून भिंग आणलं. त्याला एकच हात मोकळा होता, म्हणून रुपया मी धरला आणि भिंग त्याने. बराच वेळ बघत बसला. मधोमध सुलतानाची ती वळणदार सही आहे ना, जिला आपण लहानपणी मोर म्हणायचो, तिची नुसती सावली उरलीय. तिच्याखाली बारीक अक्षरात गावाचं नाव असतं. ते असेल तर नाणं दुर्मिळ, नसेल तर साधं. आपल्या रुपयावर त्या जागी काहीच नाही. गुळगुळीत. नाव होतं की नव्हतंच, ते आता कुणालाच सांगता येणार नाही म्हणाला. मग मान वर करून विचारतो, "हू क्लीन्ड इट?"

कोणी म्हणजे काय! आपण!

धनत्रयोदशीला आई परातीत देवाची भांडी काढायची. राख आणि रिठ्याचं पाणी. रुपया कोणी घासायचा यावरून तुझी-माझी मारामारी. आई म्हणायची, तोंड दिसलं पाहिजे त्यात. तू तर जीभ बाहेर काढून घासायचास. पुढे घरात टूथपेस्ट आली, तेव्हा ती बोटावर घेऊन गोल गोल, नेमका मधोमध. आपल्याआधी बाबांनी घासला, आत्याने घासला. काळी पडलेली चांदी लक्ष्मीसमोर ठेवायची कशी? जुनं नाणं कधी घासायचं नसतं, तो काळपटपणाच त्याला जपतो, असं ग्रॅहम म्हणतो. आपल्याला कोण सांगणार? आपण भक्तिभावाने दर दिवाळीत थोडं थोडं करत त्या सुलतानाचं गाव पुसून टाकलं.

मी आधी हसले आणि मग जी रडायला लागले ती थांबेचना. नर्स धावत आली, तिला वाटलं मला कुठे दुखतंय.

तर शिरीष, ज्या अक्षरांसाठी तू मला चोर ठरवलंस, ती तुझ्या बापाच्या आणि माझ्या बोटांनी गेली. आता भांडायला काही शिल्लक नाही. फोन त्यांच्या हातात दे. दिवाळी आलीय.

अक्का


८ फेब्रुवारी २००७

काशिनाथ,

हे पत्र आणि रुपया जगदीशच्या हाती पाठवतेय. शंतनुरावांच्या ऑफिसात असतो, राहतो इथून जवळच्या लोअर हट गावात, मूळचा पुण्याचा. भावाच्या लग्नाला चाललाय, आणि माझ्यासाठी साताऱ्यापर्यंत यायला तयार झालाय. त्याला चहा-पोहे तरी करा.

गेल्या दिवाळीत तुमच्याकडून फोन नाही, आणि नंतर मेधाला शिरीषचा ई-मेल आला. घासलेल्या नाण्याची गोष्ट आत्याने रचलीय, खरं नाणं विकून झालंय. मेधाने तो मला दाखवला नाही. गार्गीने चुकून वाचून दाखवला आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आजी, हीज बीइंग मीन." मी म्हटलं, पुढे वाच.

रुपया मी स्वतः आणायचा होता, तशी रीत आहे, मला कळतं. पण मला नाही येता येत. का ते विचारू नकोस. मेधा म्हणते, मामाला खरं काय ते सांगून टाक. मी म्हटलं, मुळीच नाही. दया येऊन तो माझ्याशी बोलायला लागला तर ते मला नको.

रुपया ओळखायला तुला डोळे लागणार नाहीत. हातात घे आणि कडेवरून अंगठा फिरव. एक खाच लागेल. डालड्याच्या डब्याने पडलेली. बाबांनी विचारलं कोणी केलं, आणि मी म्हटलं मी केलं, आणि छडी मी खाल्ली. तू दाराआड उभा होतास. मी तेव्हा तुझ्यासाठी खोटं बोलले. आता तू माझ्यासाठी फक्त खरं बोल. हाच तो रुपया, एवढं म्हण.

ग्रॅहमच्या खुर्चीवर आता सामोआची एक बाई बसते. स्वभावाने गोड आहे, गाणी म्हणते. ग्रॅहम कुठे गेला असं आम्ही कुणी विचारत नाही.

तुझी,
अक्का


२२ मार्च २००७

काश्या,

जगदीश रविवारी येऊन गेला. डबी टेबलावर ठेवली आणि मान खाली घालून बसला. मेधाने चहा दिला, तो तसाच गार झाला. मग मी म्हटलं, बोल बाबा, मी ऐकायला बसलेय.

शिरीषने कॉम्प्युटरवरच्या फोटोचा कागद आणला आणि रुपया त्याच्याशेजारी ठेवला. फोटोतलं नाणं स्वच्छ, एकेक अक्षर उठून दिसणारं. म्हणाला, "हे बघा, कुठे हे आणि कुठे ते." जगदीश परका माणूस, तरी धीर करून म्हणाला, काकांच्या हातात द्या की एकदा. शिरीषने रुपया तुझ्या तळहातावर ठेवला. कांचन दारात उभी होती.

तू कडेवरून अंगठा फिरवलास. फिरवता फिरवता एका जागी थांबलास. जगदीश म्हणतो, तिथे अंगठा ठेवून तू बराच वेळ बसलास, त्याला वाटलं आता तू रडतोस. आणि मग म्हणालास, "नाही. हे आमचं नाही."

तुला कळलं होतं.

मी दोन दिवस तुला शिव्या घातल्या. भित्रा, नेभळट, दाराआड उभा राहणारा. मेधा म्हणाली, आई, बीपी वाढेल. वाढू दे म्हटलं.

मग राग ओसरला आणि तुझं घर दिसायला लागलं. शिरीषचा हात धरून तू मोरीपर्यंत जातोस. कांचन वाढेल ते आणि वाढेल तेव्हा जेवतोस. खरं बोलला असतास तर जगदीश तासाभराने निघून गेला असता, आणि मग संध्याकाळी तुझा हात कोण धरणार होतं? मी? मी तर इथे बसलेय. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, कुणास ठाऊक.

आणखी एक मनात येतं, ते सांगते आणि मग गप्प बसते. तू रुपया घेतला असतास तर हिशेब मिटला असता, मला परत यायचं कारण उरलं नसतं. तू नाही म्हणालास, म्हणून तो पुन्हा माझ्याकडे आला. ज्याच्याकडे रुपया, त्याने परत यायचं. मला बोलावलंस का रे तू? जगदीशला मी खोदून खोदून विचारलं, आवाज कसा होता, तोंड कुणीकडे होतं. तो बिचारा काय सांगणार? "हळू म्हणाले," एवढंच त्याला आठवतंय.

तसं नसणारच. म्हातारं माणूस आपल्या मनाची समजूत घालतं, दुसरं काय.

अक्का


११ नोव्हेंबर २००७
भाऊबीज

चि. काशिनाथ,

मार्चनंतर पाठवलेली माझी पत्रं न फोडता परत आली. पाकिटावर बॉलपेनने "घेण्यास नकार". अक्षर शिरीषचं. हेही परत येईल. म्हणूनच आज खरं लिहितेय.

माझी दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. इथे आल्यावर वर्षाच्या आतच कळलं. न्यूटाउनला मी गप्पा मारायला जात नाही, तिथल्या हॉस्पिटलात मशीनला जोडून ठेवतात, रक्त धुतात. एक दिवस चुकवला तर दुसऱ्या दिवशी श्वास लागतो. म्हणून विमानात बसता येत नाही. म्हणून पाणी मापून. मेधाची मी तुझ्याकडे किती निंदा केली! ती पोरगी माझ्यासाठी झिजतेय. ग्रॅहम तर गेलाच. मी परत येणार नाही, काशिनाथ. ते मला पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही माहीत होतं. मागे म्हणाले होते ना, दया नको? आता दया केलीस तरी चालेल. काहीही चालेल.

संध्याकाळी मी ताट केलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. डाव्या हातात सुया टोचून टोचून शीर फुगलीय, त्या हाताने ताट पेलत नाही, म्हणून गार्गीने खालून धरलं. रुपया यंदा मी घासला नाही. काळा पडत चाललाय, पडू दे. मागच्या दारी लाकडी पायऱ्यांवर उभ्या राहिलो. वेलिंग्टनचं वारं तुला काय सांगू! निरांजन लावलं की विझतं, पुन्हा लावलं की पुन्हा विझतं. गार्गी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून थंडीत कुडकुडत होती, पण हटली नाही.

टेकडीवर बीजेची कोर दिसली. इथे ती उलट्या बाजूला कललेली असते, सवय होत नाही. मेधाने कधीतरी गार्गीला सांगितलं असणार, की ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पोर अगदी सहज म्हणाली, "जस्ट डू द मून, आजी. इट्स ओके."

मी तिच्यावर अशी ओरडले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. जिवंत आहे माझा भाऊ! चंद्राला ओवाळायचं म्हणजे भाऊ नाही म्हणायचं. तू मला नाही म्हणालास, मी तुला नाही म्हणणार नाही. मी कोरीकडे पाठ करून उभी राहिले. गार्गी रडायला लागली, मग तिला जवळ घेतलं. तिने मराठीत विचारलं, पहिल्यांदाच, "मामाआजोबा येणार आहेत का?"



एक काम कर माझं. मी गेले तर मेधा तुला कळवेल, पत्र नाही घेतलंत तर जगदीशच्या भावाला साताऱ्याला पाठवेल, तसं तिने मला वचन दिलंय. पण तू गेलास तर मला कोण सांगणार? शिरीष सांगणार नाही. कांचन म्हणेल, बाबा झोपलेत. तेव्हा समोरच्या रवींद्रला सांगून ठेव, त्याच्याकडे मेधाचा नंबर आहे. त्याने एकच फोन करावा. मी आपणहून त्याला विचारणार नाही, तेवढा धीर नाही. मग मी चंद्राला ओवाळीन आणि रुपया परत कुणाला द्यायचा ही चिंता संपेल.

तोवर दर वर्षी ताट करीन, आणि तू आहेस असं धरून चालीन. पण काश्या, मी त्या पायऱ्यांवर तुझी बाजू घेऊन पोरीवर ओरडले, आणि ओरडताना मनात आलं, सव्वा वर्ष होऊन गेलं, तुझा खोकलासुद्धा कानावर नाही.

आहेस ना रे तू?

अक्का